लंगडणारा घोडा आणि तोंडातला लगाम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घोड्याच्या लंगडण्याविषयी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे लगामाचा उल्लेख आहे. हे दोन विषय वेगळे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पाय नालबंदाकडे आणि तोंड स्वाराकडे. प्रत्यक्षात एकाचा गोंधळ दुसऱ्यात उतरतो, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माथेरानला पर्यटकांना फिरवणारा आमचा आठ वर्षांचा घोडा काही दिवसांपासून पुढच्या पायाने लंगडतो आहे. मोकळा सोडला की मान हलवत चालतो. पण डॉक्टरांना दाखवण्यासाठी लगाम धरून पळवला, तर काहीच दिसत नाही. दुखरा पाय डावा की उजवा, यावरही आमच्यात एकमत नाही. नक्की कसे ओळखावे? — एक घोडेवाले, माथेरान

उत्तर : तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. लगाम आखडून धरला की घोड्याला मान हलवता येत नाही आणि पुढच्या पायाचे लंगडणे ओळखण्याची मुख्य खूण तर मानेच्या हालचालीतच असते. तेव्हा तपासणीच्या वेळी लगाम काढून टाका, साधी म्होरकी (तोंडात कडी नसलेला डोक्यावरचा साज) चढवा आणि तिच्या दोराला हातभर ढील देऊन घोड्याच्या खांद्याशी चालत राहा. दोर धरणाऱ्याने मागे वळून घोड्याकडे पाहू नये, कारण तसे केले की घोडा थबकतो आणि चाल बिघडते. पाहण्याचे काम दुसऱ्या माणसाने करावे, तेही आधी समोरून, मग मागून आणि शेवटी बाजूने.

जागा सपाट आणि कठीण हवी. माथेरानच्या तांबड्या मातीच्या उतारावर हे पाहू नका. उतारावर निरोगी घोडाही पुढच्या पायांवर जपून उतरतो आणि मग भलताच निष्कर्ष निघतो. सपाटीवर आधी साध्या चालीने आणि नंतर दुडक्या चालीने न्यावा. चौखूर धावताना लंगडणे झाकले जाते. दुडकीत मात्र तिरके दोन-दोन पाय एका वेळी टेकतात आणि वजनाची चोरी उघडी पडते.

आता डावा-उजवा. दुखरा पुढचा पाय जमिनीला लागतो तेव्हा घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकतो तेव्हा डोके खाली सोडतो. म्हणजे डोके ज्या पायाबरोबर खाली जाते तो पाय चांगला. बहुतेकांची गफलत इथेच होते. डोके झुकले त्या बाजूला दुखते असे समजून चांगल्या पायाला लेप लावला जातो. मागच्या पायाचे लंगडणे मानेपेक्षा पुठ्ठ्यावर (कमरेमागच्या उंचवट्यावर) दिसते, कारण दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसरीपेक्षा जास्त वर-खाली होतो. त्यातही एक मेख आहे. मागचा डावा पाय बराच दुखत असेल, तर दुडकीत तो टेकताना वजन पुढे टाकण्यासाठी घोडा डोके खाली नेतो आणि त्याच क्षणी पुढचा उजवा पाय टेकलेला असल्यामुळे पाहणाऱ्याला पुढचा डावा पाय दुखतो आहे असे वाटते. म्हणून मान हलताना दिसली तरी पुठ्ठे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

पाय ठरला की तपास खुरापासून सुरू करावा. घोड्याच्या शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते आणि पुढच्या पायाच्या लंगडण्याचे कारण बहुतेक वेळा खुरातच सापडते. तरीही आपल्याकडे पहिला संशय खांद्यावर घेतला जातो आणि दिवसचे दिवस खांद्याला तेल चोळले जाते. दोन्ही खुरांना तळहात लावून उष्णतेतला फरक पाहावा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटे हलकी ठेवली की धमनीचा ठोका लागतो. निरोगी पायात तो जेमतेम जाणवतो. एका पायात तो बोटाखाली उसळत असेल, तर त्या खुरात दाह आहे असे समजावे. नंतर खूर उचलून खरवडणीने स्वच्छ करावा, पुतळीच्या (तळव्यातल्या मऊ, त्रिकोणी भागाच्या) दोन्ही बाजूंच्या खाचा पाहाव्यात (काळा, दुर्गंधीयुक्त चिखल असेल तर ती खाच सडते आहे), तळव्यावर काळा ठिपका दिसतो का ते पाहावे आणि नालाचा प्रत्येक खिळा हलक्या हातोडीने ठोकून घोडा पाय कधी झटकतो त्याकडे लक्ष द्यावे.

नाल ठोकल्यावर एक-दोन दिवसांत लंगडणे सुरू झाले असेल, तर खिळ्यावर पहिला संशय घ्यावा. काल ठीक असलेला घोडा आज पाय टेकवतच नसेल, तर हाड मोडल्याची भीती वाटते. ती शक्यता डॉक्टरांनी नाकारेपर्यंत घोडा हलवू नये. पण अशा प्रसंगी पुष्कळदा खुरात पू झालेला आढळतो. डॉक्टर तळव्यात छोटी वाट करून पू काढतात, तेव्हा करडे-काळे पाणी ठिबकताच घोडा पाय टेकू लागतो. तळव्यात रस्त्यावरचा खिळा घुसला असेल आणि तो पुतळीत किंवा तिच्या आसपास असेल, तर घाईने उपटू नका. डॉक्टर लगेच येणार असतील, तर खिळा जागेवर ठेवून काढलेल्या क्ष-किरण चित्रात तो सांध्यापर्यंत गेला आहे का ते कळते. तो काढावाच लागला, तर नेमकी जागा, दिशा आणि खोली यांची खूण ठेवा. आणि धनुर्वात विसरू नका. पाळीव जनावरांत घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, म्हणून लस दिल्याची तारीख लिहून ठेवलेली असावी.

माथेरानच्या रस्त्यांवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून बराच वाद झाला आहे. त्या वादात न शिरता एवढेच सांगतो की गुळगुळीत पृष्ठभाग, तीव्र उतार आणि झिजलेला लोखंडी नाल हे तिन्ही एकत्र आले की घसरणारा घोडा स्वतःला सावरताना सांधे व कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखावून घेतो. महिन्याला खूर साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. तेव्हा चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून खूर छाटायलाच हवा, नाल झिजलेला नसला तरीही.

प्रश्न : आमची घोडी खुराला हात लावू देत नाही, मागचा डावा पाय उचलला की लाथ झाडते. नालबंद म्हणतात, काटेरी लगाम घाला किंवा कान पिळून धरा. काटेरी लगाम वापरावा का? घोडीला धरण्याची योग्य रीत कोणती? — एक वाचक, तालुका बारामती

उत्तर : काटेरी लगाम वापरू नका. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली जे क्रूरता प्रतिबंधक नियम केले, त्यांत जनावर हाकण्यासाठी, त्यावर स्वार होण्यासाठी किंवा त्याला आवरण्यासाठी काटे, गाठी अथवा टोके असलेला लगाम व साज वापरण्यास मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हा लगाम ज्या कामासाठी घालायचा तेच काम बिघडवतो. घोड्याच्या पुढच्या दातांमागे आणि दाढांपुढे हिरडीचा दात नसलेला भाग असतो. लगामाची कडी तिथे बसते. तिथे हाडावर फक्त पातळ त्वचा असते. काट्याने ती फाटते, जखम भरते, पुन्हा फाटते आणि शेवटी तिथे घट्ट वण होऊन घोड्याला साध्या लगामाची जाणीवच राहत नाही. मग मालक आणखी कडक लगाम शोधतो.

धरण्याआधी घोडी पाय का देत नाही ते पाहा. डावा मागचा पाय उचलला की मागच्या भागाचे सगळे वजन उजव्या मागच्या पायावर येते. उजवा दुखत असेल, तर डावा उचलू न देणे हा घोडीचा खोडसाळपणा मानता येणार नाही. डाव्या पायाच्या ढोपरात दुखणे असेल (जुने लोक ज्याला हड्डा किंवा मोतरा म्हणतात त्यासारखे), तर पाय उंच दुमडताना कळ निघते. उपाय म्हणून पाय कमी उंच, कमी वेळ आणि शरीराच्या अगदी जवळ उचलून पाहा. यावर घोडी शांत राहिली, तर तिला आवरण्याऐवजी तिच्या पायावर उपचार करायला हवेत.

आता धरण्याविषयी. घोडीला लगामाने कधीही बांधू नये. दचकून तिने मागे हिसका दिला, तर जीभ कापते आणि खालच्या जबड्याचे हाडही मोडू शकते. बांधायचेच असेल तर मजबूत म्होरकीने, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचीवर आणि ओढताच सुटणाऱ्या गाठीने बांधावे. खूर तपासताना मात्र बांधण्यापेक्षा माणसाने हातात धरलेली घोडी अधिक सुरक्षित असते. धरणारा आणि नालबंद एकाच बाजूला हवेत. घोडी बिथरली की धरणाऱ्याने डोके आपल्याकडे ओढावे, म्हणजे तिचा मागचा भाग दोघांपासून दूर फिरतो. दोघे विरुद्ध बाजूंना उभे असले, तर हाच हिसका लाथ नालबंदाच्या अंगावर नेतो.

तेवढ्याने भागत नसेल, तर काठीच्या टोकाला दोरीचा फास करून तो वरच्या ओठाला घालतात आणि पिळतात; डॉक्टर त्याला ट्विच म्हणतात. योग्य रीतीने लावला, तर पहिल्या काही मिनिटांत घोड्याच्या नाडीचा वेग उतरतो, डोळे जड होतात आणि तो निश्चल राहतो. पाचेक मिनिटांनी हा परिणाम ओसरू लागतो आणि नाडी पुन्हा चढते. म्हणून काम आधी मांडून ठेवावे, ट्विच नंतर लावावा आणि काम उरकताच सोडून ओठ चोळावा. कान पिळण्याचे तसे नाही; त्यात नाडी सुरुवातीपासूनच चढते, म्हणजे घोडा केवळ भीतीने थिजलेला असतो. असा घोडा पुढे म्होरकी चढवतानाही कानाला हात लागू देत नाही आणि ही सवय मोडणे नालबंदीपेक्षा कितीतरी अवघड असते. अधिक वेदनेचे काम असेल, तर डॉक्टरांना झायलाझिनसारखे गुंगीचे इंजेक्शन द्यायला सांगावे. गुंगीतला घोडाही अचानक लाथ मारू शकतो, हे मात्र सर्वांनी लक्षात ठेवावे. आणि गुंगी उतरेपर्यंत लंगडणे तपासू नये. त्या चालीवरून काहीही कळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात घोडेस्वारी शिकते. तिचा घोडा डावीकडच्या वर्तुळात दुडकीने जाताना लंगडतो. लगाम काढून लांब दोरीवर फिरवला, तर चाल सरळ असते. प्रशिक्षक म्हणतात की पायात काही नाही, घोडा नाटक करतो. हे खरे असू शकते का?

उत्तर : पायात काही नसणे शक्य आहे, नाटक करणे मात्र मला पटत नाही. स्वार बसून लगाम घेतल्यावरच दिसणारे लंगडणे इंग्रजी घोडेस्वारीच्या परंपरेत जुन्या काळापासून परिचित आहे. एका बाजूच्या लगामाला घोडा तोंड देत नाही, मान त्या बाजूला वळवत नाही आणि पावले आखूड-लांब पडू लागतात. यामागे बहुधा तोंडातले दुखणे असते. दाढांच्या बाहेरच्या कडा झिजून धारदार होतात आणि लगामाच्या दाबाने गाल त्यांवर घासला जातो. वरच्या पहिल्या दाढेपुढे उगवणारा लहानसा लांडग्या दात लगामाच्या कडीला लागतो. कधी लगामच अरुंद असतो, कधी स्वाराचा एक हात दुसऱ्यापेक्षा जड असतो. तेव्हा दातांची तपासणी करून घ्या, ओठांचे कोपरे उघडून पाहा, लगाम बदला आणि दुसऱ्या, हलक्या हाताच्या स्वाराला बसवून पाहा.

एवढ्यावर थांबू नका. स्वाराचे वजन आणि वर्तुळाचा ताण आल्यावरच उघड होणारे पायाचे किंवा पाठीचे सौम्य दुखणेही अगदी असेच दिसते आणि व्यवहारात ते कमी आढळत नाही. ब्रिटनमधील पशुवैद्यक स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली स्वार बसलेल्या घोड्याच्या २४ वर्तनांची एक यादी मांडली. कान मागे पाडून ठेवणे, तोंड वारंवार उघडणे, जीभ बाहेर काढणे, डोके तिरके धरणे, लगाम एका बाजूला ओढला जाणे, शेपूट सतत झटकणे अशा गोष्टी तीत आहेत. यांतील ८ किंवा अधिक वर्तने दिसली, तर स्नायू-अस्थींच्या वेदनेचा संशय घ्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. गंमत अशी की यांतील निम्म्याहून अधिक वर्तनांना आपले प्रशिक्षक ‘खोड’ म्हणतात. तुम्ही पाच-दहा मिनिटांचे चित्रीकरण करा, यादी समोर ठेवून मोजा आणि ते चित्रीकरण डॉक्टरांना दाखवा. ते सांधे वाकवून, गरज पडल्यास एकेका मज्जातंतूला बधिर करून पाहतील. बधिर केल्यावर चाल सुधारली, तर दुखणे पायातच आहे, हे प्रशिक्षकांनाही मान्य करावे लागेल.

प्रश्न : दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा आहे. लंगडा घोडा गळ्यात पडू नये म्हणून काय पाहावे? — एक वाचक, धुळे

उत्तर : विक्रेता घोडा नाचवून दाखवेल. तोंडात जड लगाम, मान कमानीसारखी आवळलेली, खाली तापीकाठची मऊ माती. या तिन्ही गोष्टी लंगडणे झाकण्यास उत्तम आहेत. तुम्ही नाच पाहून घ्या आणि मग शांतपणे म्हणा की लगाम उतरवून, म्होरकीवर, सैल दोराने आणि डांबरी रस्त्यावर दुडकीने आणून दाखवा. जो विक्रेता याला तयार होत नाही, त्याच्याकडचा घोडा कितीही देखणा असला तरी पुढे चला.

घोडा सकाळी, कामाला लावण्यापूर्वी पाहावा; जुन्या सांध्यांचा आखडलेपणा अंग तापल्यावर कमी होतो. पुढचे दोन्ही खूर समोरून शेजारी-शेजारी पाहावेत. एक खूर दुसऱ्यापेक्षा अरुंद आणि उभट असेल, तर घोडा त्या पायावर दीर्घकाळ कमी वजन देत आला असण्याची शक्यता आहे. नालाची झीज दोन्हीकडे सारखी आहे का तेही पाहावे. नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागची कंडरा पाय उचलून दोन बोटांच्या चिमटीत वरून खाली चाचपावी. जाडसर गाठ किंवा ऊब लागली, तर भाव करू नये. तोंड उघडून हिरडीवर आणि जिभेवर वण आहेत का ते पाहावे. ते असतील तर घोडा मऊ लगामावर किती चालतो, याचा खुलासा मागावा. वेदनाशामक देऊन उभा केलेला घोडा त्या दिवशी छान चालतो. म्हणून यात्रा बरेच दिवस चालते याचा फायदा घ्या आणि तोच घोडा दोन-तीन दिवसांनी, आधी न कळवता पुन्हा पाहा.

प्रश्न : बैलगाडा शर्यतीत पुढे धरण्यासाठी आमच्याकडे घोडी आहे. घाटात (शर्यतीच्या धावपट्टीवर) धावल्यानंतर तिच्या पुढच्या पायाची नळी मागून सुजली. गावातले जाणकार डाग द्यायला किंवा बिब्बा लावायला सांगतात. — जुन्नर

उत्तर : दोन्ही करू नका. वर्णनावरून कंडरा ताणली गेली असावी. डागल्याने किंवा बिब्ब्याने कातडी भाजते आणि वर दुसरी जखम होते. आतल्या कंडरेला त्याचा उपयोग नाही. पहिले दोन-तीन दिवस दिवसातून अनेकदा वीस-वीस मिनिटे बर्फाचा किंवा थंड पाण्याचा शेक, पायाला सर्वत्र सारखा दाब देणारी पट्टी आणि पूर्ण विश्रांती हा प्रथमोपचार आहे. नंतर सोनोग्राफी करून कंडरेचे किती तंतू तुटले ते पाहता येते. सूज उतरली म्हणजे कंडरा भरली असे होत नाही. ती भरायला अनेक महिने लागतात आणि घाईने पुन्हा घाटात उतरवलेली घोडी बहुधा त्याच जागी पुन्हा मोडते. या हंगामाची शर्यत सोडावी लागेल.

प्रश्न : लंगडणाऱ्या घोड्याला औषध दुकानातून डायक्लोफेनॅक आणून टोचले, तर लग्नाच्या वरातीपुरता तो चालेल का?

उत्तर : डायक्लोफेनॅकचा जनावरांवरील वापर भारतात २००६ सालापासून बंद आहे, कारण हे औषध दिलेल्या जनावराचे शव खाल्ल्याने गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. याच कारणास्तव केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवरही २०२३ साली बंदी आली. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. मात्र ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, घोड्याच्या वजनानुसार आणि विश्रांतीसोबत द्यायचे असते. वेदना दाबून वरातीत उभा केलेला घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण वजन टाकतो आणि दोन आठवड्यांत भरून येणारी इजा कायमची होते. शिवाय आजारी किंवा जखमी, म्हणून कामास अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. वरातीसाठी दुसरा घोडा ठरवावा आणि घेतलेली आगाऊ रक्कम परत करावी.